चौथा नट

मामाजी, आज दुपारपासून लाइन नाही. कॉम्प्रेसर बंद, ग्राइंडर बंद, शेजारच्या दालमिलची घरघरही बंद. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत इतकी शांतता मी तुमच्या माघारी पहिल्यांदाच ऐकते आहे. हात रिकामे बसत नाहीत, म्हणून जॉबकार्डाच्या पाठीवर तुम्हाला लिहायला घेतलं. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. आधीच सांगून ठेवते, मी माफी मागायला बसलेली नाही, भांडायला बसले आहे. तुम्ही होतात तेव्हा सुनेनं सासऱ्यापुढे तोंड उघडायची पद्धत नव्हती आणि आता तुम्हाला उत्तर देता येत नाही, म्हणजे फिट्टंफाट. भांडण कशाचं ते तुम्हाला ठाऊक आहे. दिग्रसच्या त्या जीपचा शाफ्ट रस्त्यात पडला, तो कोणाच्या हातून, एवढंच. तुम्ही चारचौघांत माझं नाव घेतलंत. मी ते आजवर खोडलेलं नाही, आज खोडते.

तुमच्या घरात आले तेव्हा जीपचं मला काही कळत नव्हतं, पण छर्रे कळत होते. राळेगावला माझ्या वडिलांचं सायकलचं दुकान. हबमधले छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे आणि ग्रीसमध्ये एकेक करून बसवायचे, हे काम मी परकर-पोलक्यात असल्यापासून केलेलं. तुमचा मुलगा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस हैदराबादच्या रस्त्याला. पान्याशी त्याचं कधी जमलंच नाही. मी मागच्या दारानं तुम्हाला चहा द्यायला वर्कशॉपात यायची आणि तशीच परत जायची. एक दिवस तुम्ही इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणाऱ्या त्या लांब शाफ्टला नवा क्रॉस बसवत होतात. अधिकच्या खुणेसारखा तो लोखंडी तुकडा, त्याच्या चार हातांवर चार कप, आणि प्रत्येक कपात कडेकडेनं उभे सुयांएवढे बारीक रोलर. एक सुई आडवी पडली तरी कप बसत नाही, आणि ठोकून बसवला तर चार दिवसांत सगळा जॉइंट खाऊन टाकतो. तुमची सुई पडत होती. उभी केली की पुन्हा पडत होती. तुमच्या उजव्या हाताची बोटं थरथरत होती आणि तुम्ही शिव्या मात्र ग्रीसला देत होतात. मी ट्रे खाली ठेवला, कप हातात घेतला आणि आतून ग्रीसचा जाड थर देऊन सगळ्या सुया एका दमात उभ्या केल्या.

तुम्ही कप उलटा करून पाहिलात. एकही सुई पडली नाही. "कोणं शिकोलं तुले हे?" मी म्हटलं, बाबांनी. "सायकलवाल्यानं?" मी मान हलवली. तुम्ही चहा एका घोटात संपवून म्हणालात, "बरं हाय. उद्या दहाले येजो."

तुम्ही शिकवलंत ते मी नाकारत नाही, नाकारलं तर माझं खाल्लेलं पचणार नाही. चिखलातून, नाल्यातून फिरणाऱ्या गाडीचा शाफ्ट हातानं हलवून कसा बघायचा, गिअर टाकताना खालून येणारा 'कट्' कोणत्या टोकाचा, कपाच्या तोंडाशी गंजाची लाल भुकटी दिसली की आतलं ग्रीस संपून सुया एकमेकींना खायला लागल्या असं समजायचं, हे सगळं तुमचंच. ग्रीसगन लावली की चारही कपांतून जुना काळा माल बाहेर येईपर्यंत थांबायचं नाही. "तिघातून आला न् चवथ्यातून नाही आला, त तो चवथाच गाडी पाडते," असं तुम्ही म्हणायचात. वर्षभरात मी शाफ्ट एकटीनं उतरवायला आणि चढवायला लागले. गाडीखालून माझे पाय बाहेर दिसले की लोक टपरीवरून वाकून वाकून बघायचे. तुम्ही त्यांच्यावर खेकसायचात, "कायले पाह्यता? पाय पाह्यले नाही काय कधी?"

पण एक गोष्ट तुम्ही कधी माझ्या हाती दिली नाहीत. मागच्या शाफ्टचं टोक चाकांमधल्या डिफरन्शिअलवर दोन यू-बोल्टांनी बांधलेलं असतं. दोन यू-बोल्टांचे चार नट. तीन मी आवळायची, चौथ्याला तुम्ही यायचात. खिशातला लांब दांड्याचा पाना काढायचात, गाडीखाली सरकायचात, नट आवळून त्यावर पान्यानं तीनदा टकटक करायचात आणि म्हणायचात, "जाय आता." याचं कारण तुम्ही मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. "पोरी, तीन नट मिस्त्रीचे, चवथा मालकाचा. गाडी रस्त्यात सुटली त मिस्त्रीले कोणी नाही पुसत. मालकाले पुसते. म्हणून चवथा नट मालकानंच आवळा लागते." हे तुमचं वाक्य आहे, मामाजी. माझं नाही. नीट आठवा.

मग तुमचा हात बिघडत गेला. म्हणजे थरथर वाढत गेली. बशीत चहा ओतणं तुम्ही सोडून दिलंत, स्टीलचा उंच ग्लास अर्धाच भरून मागायला लागलात. गिऱ्हाईक आलं की उजवा हात खिशात. घरात आत्याबाईंना, स्वतःच्या बायकोलासुद्धा तुम्ही कळू दिलं नाहीत. मला कळलं, कारण तुमचा पाना नटावर नीट बसत नाही हे मला खालून दिसायचं. तो नटाच्या कोपऱ्यावर घसरायचा, तुम्ही जोर लावल्याचं तोंड करायचात, तीन टकटक करायचात आणि बाहेर यायचात. नट निम्मा ढिला. तुम्ही हात धुवायला नळावर गेलात की मी पुन्हा गाडीखाली शिरायची आणि माझ्या पान्यानं तो घट्ट करायची. आठ महिने हे चाललं. प्रत्येक गाडीला. तुमची अब्रू मी आठ महिने पाठीवर झोपून राखली आणि कोणाला चकार शब्द बोलले नाही.

आता त्या दिवसाचं. दिग्रसच्या कापूसवाल्याची जीप सकाळपासून उभी होती. शाफ्ट उतरवला, दोन्ही क्रॉस बदलले. त्या दिवशी शाफ्टचे दोन भाग एकमेकांत तुम्ही सरकवलेत. क्रॉस धरणाऱ्या दोन्ही टोकांच्या कानांनी एका रेषेत यायला पाहिजे, नाहीतर गाडी पळताना सगळं अंग हलतं. तुमच्या हातून खाचांचा एक दात सरकला होता. मी सांगितलं. कापूसवाल्याची दोन माणसं आणि ड्रायव्हर तिथंच बाकावर बसलेले, त्यांच्या देखत सांगितलं. तुम्ही एवढ्या मोठ्यानं ओरडलात की बाहेरचं कुत्रं उठून गेलं. "मले शिकवून राह्यली काय तू? तीन वर्सांची मिस्त्रीन! जाय, चुलीपाशी जाय. चहा ठेव. तेवढंच जमते तुले." ती माणसं हसली. ड्रायव्हर नाही हसला, तो खाली बघत राहिला. मी आत गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला दिसलं, तुम्ही शाफ्ट पुन्हा उघडलात, दात बरोबर घेतलात आणि गपचूप बसवलात. म्हणजे मी बरोबर होते. तेवढं म्हणायला तुमची जीभ उचलली नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

मग तीन नट मी आवळले, चौथा तुम्ही. टकटकटक. "जाय आता." जीप गेली.

संध्याकाळच्या आत, दिग्रसच्या पलीकडे तांड्याच्या चढावर कापूस भरलेला असताना, शाफ्टचं मागचं टोक सुटलं. सुटलेला शाफ्ट फिरता फिरता ब्रेकची नळी तोडून गेला. त्या जुन्या जीपचा हँडब्रेक शाफ्टलाच धरतो, शाफ्टच गेला तर तो धरणार कशाला? गाडी उलटी घसरत खोल नाल्यात गेली. ड्रायव्हरचा डावा पाय मांडीपासून मोडला. माणूस वाचला एवढंच.

दुसऱ्या दिवशी कापूसवाला दहा माणसं घेऊन दारात. यू-बोल्ट त्याच्या हातात होता, एका बाजूला नट नाही. "कोणं बांधला होता हा शाफ्ट?" तुम्ही दारातच उभे होतात, उजवा हात खिशात. मी तुमच्या मागे उभी. तुम्ही वळूनसुद्धा न बघता म्हणालात, "सुनेनं. बाईच्या हातचं काम, राह्यलं असन एखादं." चार नटांतला एकच गेला होता आणि तो कोणता ते तुम्हाला माहीत होतं. मालकाला पुसतात म्हणून चौथा मालकाचा, हे मला शिकवणारे तुम्ही. आणि मालकाला पुसलं तेव्हा तुम्ही मिस्त्री पुढे केलात! त्यानंतर वर्षभर लोक गाडी दारात लावताना विचारायचे, "म्हाताराच हात लावन ना?" टपरीवरची पोरंसुद्धा मला हसायची. माझ्या नवऱ्यानं तर सरळ सांगितलं, बस झालं आता, घरात राह्य. मी राहिले नाही. दुसऱ्या दिवशी दहाला आले. तिसऱ्या दिवशीही आले.

आठ-दहा दिवसांनी माझ्या पान्यांच्या पेटीत तुमचा तो लांब दांड्याचा पाना दिसला. रॉकेलनं पुसून, कापडात गुंडाळून ठेवलेला. त्या दिवसापासून तुम्ही एकाही गाडीखाली गेला नाहीत, दारात खुर्ची टाकून बसायला लागलात. तुमच्या माघारी पुण्यानुमोदनाच्या दिवशी आत्याबाई सगळ्यांना सांगत होत्या, बघा, जाताना सुनेला पाना देऊन गेले, केवढा विश्वास. मी ऐकून घेतलं. पण तुम्हाला सांगते, पाना म्हणजे माफी नव्हे. तोंडानं घेतलेलं नाव तोंडानंच खोडायला लागतं. तुम्हाला दीड वर्ष मिळालं होतं.

म्हणून तुमची पद्धत मी मोडली. माझ्या वर्कशॉपात मालकाचा नट नसतो. ज्यानं उघडला त्यानं चारही आवळायचे आणि नट ते बोल्ट अशी नेलपॉलिशची लाल रेघ ओढायची. नट केसभर फिरला तरी रेघ तुटलेली दिसते, वाकून कोणीही बघावं. पहिल्यांदा लोकांनी चेष्टा केली, बाईनं जीपची नखं रंगवली म्हणाले. आता अभयारण्याकडच्या सफारीच्या गाड्या येतात, त्यांचे ड्रायव्हर स्वतःच विचारतात, ताई, लाली लावली न? ग्रीसचा निप्पल नसलेले सीलबंद क्रॉस बाजारात आलेत, ते मी चिखलातल्या गाडीला घालत नाही. ते तुमचं ऐकते. बाकीचं नाही.

आणि आज सकाळी तो ड्रायव्हर आला. डावा पाय ओढतो अजून. आता त्याची स्वतःची जीप आहे, जुनीच, पण त्याची. मागचा क्रॉस गेला होता, लाल भुकटी आलेली. मी गाडीखाली होते आणि तो बाकावर, त्याच जागी. बोलता बोलता म्हणाला, "ताई, एक सांगू काय? म्हातारा काहीबी म्हणो, मी तवाही नाही मानलं न् आताही नाही मानत. तुमच्या हातचा नट ढिला राह्यतच नाही. दिग्रसात कोणी बोललं त मी भांडतो त्याच्यासंगं." सतरा-अठरा वर्षं हा माणूस मोडका पाय घेऊन माझ्या बाजूनं भांडतो आहे. मला जे तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, ते त्याच्या तोंडून ऐकलं. मामाजी, मी जिंकले.

म्हणूनच लिहायला बसले. आठ महिने मी तुमच्यामागून गाडीखाली शिरायची, असं वर लिहिलं आहे. त्या दिवशीही शिरले होते. तुम्ही नळावर होतात. मी ग्रीसगन उचलायला म्हणून सरकले आणि बोट चौथ्या नटाला लावलं. तो बोटानं फिरला. माझा पाना उशाशीच होता, हात लांबवायचा अवकाश. सकाळचं ते हसणं अजून कानात होतं. मी म्हटलं, मालकाचा नट आहे, मालक बघेल. ग्रीसगन घेतली आणि बाहेर आले. ड्रायव्हर गाडीत बसत होता, त्यानं मला नमस्कार केला आणि मीही केला.

नट तुमचाच होता. हे मी आजही कोणापुढेही छाती ठोकून सांगेन. पण तो ढिला आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं. मला होतं.

लाइन आली आहे. त्याच्या जीपचे चारही नट आवळून झालेत, लाल रेघा वाळल्या आहेत, उद्या तो गाडी न्यायला येईल. सकाळी तो तसं म्हणाला तेव्हा मी गाडीखालून बाहेर आले, हात पुसले, त्याच्याकडे बघितलं, आणि मला एवढंच म्हणता आलं, "बसा, चहा ठेवते."