अर्ध्यावर थांबलेला पाठ

रविवार, चौदा तारीख, दुपार

प्रिय धाकट्या,

सत श्री अकाल. हे लिहिलं आणि बाबा आठवले. लहानपणी आपण नुसतं तोंडदेखलं म्हटलं की ते अडवायचे, "म्हणजे काय ते सांग, मग खेळायला पळ." आता अडवायला कुणी नाही, म्हणून बिनधास्त लिहिलं.

इकडे सगळं ठीक. बाबांच्या दुकानात पाण्याच्या पंपाची एक जळकी मोटार आलीय, आतली तार नव्याने गुंडाळून तिचं वाइंडिंग मीच करतेय. गिऱ्हाईक अजूनही आत डोकावून मलाच विचारतं, "मिस्त्री कुठायत?"

बाबांचं तुला माहीत आहेच. पक्षाघाताच्या झटक्यानंतर 'पाणी' म्हणता येत नाही, माझं नाव घेता येत नाही, पण सकाळच्या प्रार्थनेचा पाठ मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक अक्षर न चुकता. तहान लागली की पाठ, चादर ओली झाली की पाठ. डॉक्टर म्हणाले, पाठांतर असं शिल्लक राहतं, त्यातलं कळत असेलच असं नाही. आत्या म्हणाली, डॉक्टरला काय कळतंय, हा चमत्कार आहे. तिने गुरुद्वारात सांगितलं आणि घरी लोकांची रीघ लागली. शेजारच्या काकूही येतात, आपली जपमाळ ओढता ओढता माझं दूध उतू जातंय का बघतात. कमिटीवाले तर बाबांना खुर्चीसकट गुरुद्वारात नेऊन सगळ्यांसमोर बसवणार होते. नुसती तार गुंडाळून मोटार फिरत नाही, जोडणी कळावी लागते, हे जन्मभर सांगणाऱ्या माणसाला! मला राग यायला हवा होता. आला नाही. मी सगळ्यांसाठी चहा टाकला.

फोनवर तू दर वेळी एकच विचारतोस, "बाबांना कळलं का?" आणि मी गिऱ्हाईक आलंय म्हणून फोन ठेवते. तर आता लिहिते. आई गेल्याचं मी त्यांना सोमवारी सांगितलं. तोवर मी 'मावशीकडे गेलीय' म्हणत होते. समोर बसले, त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "बाबा, आई गेली. आम्ही तिला पोचवून आलो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाठ सुरू केला. आत्या दारातच होती. डोळे पुसत म्हणाली, "बघ, त्या वरच्याची मर्जी कशी मानली माझ्या भावाने." मला वाटलं, सकाळी चादरीसाठी म्हटला तोच हा पाठ. म्हणजे आई आणि ओली चादर सारखीच. मी उठायला लागले.

तेवढ्यात ते थांबले. ओळीच्या मध्येच. एक ओळ अर्धवट सोडली म्हणून आपल्याला ताटावरून उठवणारा माणूस! आत्याने पुढचा शब्द सुचवला, पुन्हा सुचवला. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

तेव्हापासून पाठ नाही. तहान लागली तरी नाही. लोक यायचे थांबले. कमिटीचा निरोप आला, तब्येत सुधारू दे, मग बघू. आत्या म्हणते, "तू सांगायलाच नको होतंस, होतं नव्हतं तेवढंही घालवलंस."

तू विचारत होतास त्याचं उत्तर हे की त्यांना कळलं. मला अजून रडू आलेलं नाही. आतून सगळं बधिर आहे. जेवते, दुकान उघडते, आईच्या साड्यांच्या घड्या घालते, आणि काहीच होत नाही.

सुट्टी मिळेल तसा ये. आल्यावर त्यांच्याकडून पाठ म्हणवून घेऊ नकोस. नुसता जवळ बस.

तुझी,
जिला अजून कळायचंय ती,
ताई