सतरा नंबरची डबी

बारामती
रविवार, २५ ऑक्टोबर १९९८

ती. तात्यांस,

दिशाचा सविनय जयभीम. काकूंनाही.

तुमचा बुद्धघोष परवा येऊन गेला. तुम्ही आता वस्तीपासून कॅनॉलच्या पुलापर्यंत चालता, आणि वाटेत कुणी तब्येत विचारली की "पुतणीनं घडवल्याली स्प्रिंग हाय आत, गंजायची न्हाय" असं सांगता म्हणे. तात्या, मी काही घडवत नाही. मी फक्त बघते. लोकांना सांगताना तेवढं बरोबर सांगावं.

काकूंनी विचारलंय, तुमच्या हृदयात बसवलेली ही जाळी होते तरी कशी. काडेपेटीतल्या काडीहून बारीक अशी पोलादाची नळी येते. लेसरच्या किरणानं तिच्यावर नक्षी कापतात. मग तेजाबात बुडवून वीज सोडतात, म्हणजे कापलेल्या कडा गुळगुळीत होतात. त्यानंतर ती आमच्या खोलीत येते. एका ट्रेत वीस खळगे, एका खळग्यात एक जाळी. एवढ्याशा जिनसेवर नंबर घालता येत नाही. ती ज्या खळग्यात असते तोच तिचा नंबर, आणि पुढे डबीवर आणि पेशंटच्या कार्डावर तोच जातो. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक वळण बघायचं. चीर दिसली तर जाळी पकडीनं चेपून टाकायची, बाकीच्यांवर सही करायची. चांगली जाळी फुग्यावर चढते आणि फुग्याबरोबर हृदयाच्या नळीत जाते. फुगा परत येतो. जाळी तिथंच राहते.

शाळेत घालायच्या आधी तुम्ही मला ओसरीवर सूप देऊन बसवायचात, ते इथं रोज आठवतं. ज्वारीतले खडे निवडता निवडता शंभरपर्यंत आकडे झाले, आणि निवडलेल्या खड्यांचीच अक्षरं. एखाद्या दाण्याकडे मी फार वेळ बघत बसले की तुम्ही म्हणायचात, "शंका आली ना? मंग तो खडाच. टाक." शेजारच्या टेबलावर रुक्सार बसते, तिच्याच घरी मी भाड्यानं राहते. ती म्हणते, "तुझ्या तात्यांनी तुला असं शिकवलं नसतं तर आपण दोघी रोज पाचला घरी असतो."

तुमच्या ऑपरेशनला बुद्धघोषच्या हाती दोन डब्या पाठवल्या होत्या. एक पुण्याच्या दवाखान्यानं मागवलेली, आणि एक आमच्या कारखान्याच्या मोहनराव साहेबांनी तुमच्यासाठी म्हणून दिलेली. तुमच्या डबीवर मी माझ्या हातानं तुमचं नाव लिहिलं होतं. दवाखान्यातून मिळालेल्या कार्डावर शेवटी एकोणीस आहे ना, तेवढं बघून कळवा. सहज विचारते.

लोणच्याची बरणी काकूंनी वर फडताळात ठेवलीय म्हणे. खुर्ची लावून काढू नका.

तुमची
दिशा


बारामती
रविवार, १३ डिसेंबर १९९८

ती. तात्यांस,

सविनय जयभीम. तुमचं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला. काम होतं असं लिहिणार होते, पण काम नेहमीइतकंच होतं.

तुम्ही लिहिलंत ते मी बऱ्याचदा वाचलं. "शेजारच्या कॉटवर मोरगावचा रतन म्हणून होता, आमच्या आधी चार दिस आलेला. सकाळपास्नं रडत हुता. दोन पोरी हायत, येक आजून रांगतीया. डाक्टरला म्हणलं, माझ्या नावाची डबी ह्याला घाला, ती आमच्या दिशानं निवडल्याली हाय. त्याची मला घाला. डाक्टर हसला, म्हणला आजोबा, माप येकच हाय, दोनी सारख्याच. तवा माझ्या कार्डावर येकोणीस न्हाय, सतरा हाय. येकोणीस रतनकडं हाय. तुला आवडलं नसंल तर माफ कर."

आवडलं नाही असं कसं म्हणू. तुम्ही दुसरं काही केलं असतं तरच नवल होतं. रतन शेळ्या घेऊन हिंडायला लागला, हेही वाचलं. बरं झालं.

आता गुरुवारचं. तुम्ही शेवटी दोनच ओळी लिहिल्यात, त्या काकूंना सांगितल्या नसाव्यात. "दर गुरवारी दुपारी छातीत सामसूम हुतं. दुखत न्हाय. हिरीवरची मोटार बंद झाली की येकदम पानं ऐकू येत्यात, तसं. मला उसाची पानं ऐकू येत्यात. जरा येळानं परत चालू हुतं."

तात्या, त्या वेळी नेमके किती वाजलेले असतात?

विचारायला कारण आहे. आमच्या खोलीच्या पलीकडे एक पंप आहे. रबराच्या नळ्यांतून कोमट पाणी ढकलतो आणि सोडतो, नाडीसारखं, पण फार वेगानं. प्रत्येक ट्रेतली एक जाळी त्यात बसवतात. दहा वर्षांत माणसाच्या हृदयाचे जेवढे ठोके पडतात, तेवढे तो चार महिन्यांत देतो. इतके भराभर की ठोका असा ऐकू येत नाही, नुसती घरघर येते. बंद खोलीत भुंगा अडकावा तशी. तुम्हाला बसवलेली जाळी ज्या ट्रेतली, त्याच ट्रेतली एक सप्टेंबरपासून त्यात चालू आहे.

गुरुवारी आमच्या भागात वीज नसते, कारखाना बंद असतो. पंप मात्र जनरेटरवर चालतो. त्याचं पाणी बदलायला दहा मिनिटं तो थांबवावा लागतो. ती पाळी माझी असते, आणि मी ते बरोबर दोन वाजता करते. ही वेळ मी तुम्हाला कधी सांगितल्याचं आठवत नाही. बुद्धघोषलाही नाही.

परवाच्या गुरुवारी, दहा तारखेला, मी पाणी दोनऐवजी चारला बदललं. तुम्हाला त्या दिवशी कधी वाटलं, ते आठवत असेल तर लिहा. नसेल आठवत तर उत्तम.

रुक्सार म्हणते, मी येता-जाता पंपापुढे उभी राहते. "येवढंच आवडत असेल तर लग्न लाव त्याच्याशी, वरात मी काढते." मी हसले. ती हसली नाही.

तुमची
दिशा


बारामती
रविवार, २४ जानेवारी १९९९

ती. तात्यांस,

सविनय जयभीम. हे पत्र पोस्टानं पाठवत नाही. बुद्धघोष हातात देईल आणि तुमचं वाचून होईपर्यंत समोर बसेल. काकूंनाही बसवून घ्या. आता लपवण्यासारखं काही ठेवायचं नाही.

तुम्ही लिहिलंत, "त्या गुरवारी चारला झालं. वाटलं, आज इसरलं, तर चारला झालं." पोस्टकार्ड हातात घेऊन मी दारातच उभी होते. मग सात जानेवारीला मी पंप दहाऐवजी तीनच मिनिटं थांबवला, आणि हे तुम्हाला कळवलंही नाही. पुढच्या पत्रात तुमचं वाक्य आलं, "ह्या गुरवारी लवकर आटपलं."

यावर मला काही सांगता येत नाही. जे सांगता येतं ते सांगते.

एकवीस सप्टेंबरला मी तो ट्रे बघत होते. पंपात घालायची जाळी आम्ही चिठ्ठी टाकून निवडतो. चिठ्ठी चारची निघाली. चारची जाळी काढून मी पांढऱ्या कपड्यावर ठेवली. मग सतराची बघताना नवव्या वळणावर सावली दिसली. चीर नव्हे. भिंग फिरवलं की जायची, परत यायची. तुमचं ऐकायचं तर पकड उचलायची होती. पण ट्रेत एक कमी झाली की वेगळा कागद भरावा लागतो, कारण लिहावं लागतं, साहेबांना शोधून सही घ्यावी लागते. पाऊण तास जातो. आणि तुम्हाला सकाळपासून घाम फुटत होता, हा निरोप आला होता. माझं लक्ष चार वाजताच्या एसटीवर होतं.

तेव्हा मी मधला मार्ग काढला. सतराची पंपात घालू आणि चारची सतराच्या खळग्यात ठेवू. पंपात कुणाचा जीव जात नाही. टाकलीही नाही आणि माणसाला दिलीही नाही. दोन्ही जाळ्या कपड्यावर शेजारी शेजारी ठेवल्या, तोच शिपाई सांगत आला, गावाहून, कळंबहून फोन आहे. तुम्हाला पुण्याला हलवल्याचा तो फोन.

परत आले तेव्हा कपडा जसाच्या तसा होता. पण डावीकडची कुठली, उजवीकडची कुठली, हे माझ्या डोक्यातून गेलं होतं. भिंगाखाली घेतल्या. सावली दोन्हींत दिसली. मग एकीतही दिसेना. डोळे भरले होते, तात्या. एक पंपाच्या नळीत घातली, एक सतराच्या खळग्यात. सही केली. पुण्याची एसटी मिळाली.

दोन्ही चेपायला हव्या होत्या, हे मला मोरगावच्या पुढे गेल्यावर सुचलं. परत येऊन सांगायला हवं होतं, हे रोज सुचत होतं.

आणि आता खरी गोष्ट. तीन आठवड्यांनी तुमच्यासाठी डबी काढायची वेळ आली, तेव्हा सोळापर्यंतच्या गेल्या होत्या. पुढची सतराची होती. ती मी दवाखान्याच्या मागणीला लावली. तुमच्यासाठी अठरा सोडून एकोणीसची उचलली, म्हणजे ती सतराच्या शेजारीही नको. सतरा कुणाला जाईल ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत नव्हतं म्हणूनच माझा हात थांबला नाही. तो रतन होता. त्याच्या दोन मुली होत्या. तुम्ही ती त्याच्याकडून घेतलीत.

चार महिने मी पंपापुढे उभी राहते ती एकाच इच्छेनं, की त्यातली जाळी तुटावी. ती तुटली तर वाईट ती पंपातली, आणि तुमच्यातली चांगली. नळी गळली नाही, म्हणजे ती तुटली नाही.

शुक्रवारी मी साहेबांना सगळं लेखी दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "पोरी, पंपातली टिकली, म्हंजे तुझी सावली ही सावलीच आसंल. दोनी चांगल्या आसत्याल." असतील. मग म्हणाले, "पण तू सही करायच्या जागेवर आता बसायचं न्हाय." ते योग्यच आहे. त्यांनी पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावला. गुरुवारी, अठ्ठावीसला, तुमची तपासणी ठरली आहे.

त्याच दिवशी पंपाचे ठोके पूर्ण होतात. मग तो बंद करायचा, नळी कापायची आणि जाळी भिंगाखाली घ्यायची. नवव्या वळणावर सावली असली, तर तुमच्यातली निर्दोष. नसली, तर डॉक्टरांना तसं सांगावं लागेल, म्हणजे ते तुमच्यावर कायमची नजर ठेवतील. बसलेली जाळी परत काढता येत नाही. नळी न कापता कळायचा दुसरा मार्ग नाही. आणि पंप बंद केल्याशिवाय नळी कापता येत नाही.

दहा मिनिटं थांबला की तुम्हाला पानं ऐकू येतात. यावेळी तो परत चालू व्हायचा नाही.

रुक्सारला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, ते यंत्र हाय, आन् तात्या माणूस हाय." मी व्हय म्हणाले. मग तिनं हळूच विचारलं, "मी तुझ्याजवळ उभी राहू का गुरुवारी?"

मी साहेबांकडून वेळ मागून घेतली आहे. गुरुवारी बारा वाजायच्या आत तुम्ही डॉक्टरांच्या समोर बसलेले असा. त्यांना माझं नाव सांगा, हसले तर हसू द्या, पण उठू नका. बरोबर बाराला मी बटण दाबीन. तुम्ही हात छातीवर ठेवा आणि आकडे मोजा, ओसरीवर मोजायचो तसे, शंभरपर्यंत, घाई न करता. मीही इथं मोजेन. बुद्धघोष दवाखान्याच्या फोनपाशी उभा राहील. तुमचे शंभर झाले की त्यानं इथं फोन लावायचा. तो वाजल्याशिवाय मी नळीला कात्री लावणार नाही.

पानं ऐकू आली तर घाबरू नका. ती ऐकत ऐकत मोजा.

खाली नाव लिहिते आहे ते दोनदा बघून.

तुम्ही शिकवलेली,
दिशा