डिस्क जळालेली नाही

तांडा, जवळा बाजार
२८ ऑक्टोबर २००७

प्रिय रामप्रसाददादास,

जय सेवालाल. आम्ही सगळे बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. सोयाबीन निघालं. बापूचा गुडघा दुखतो, पण बाजार काही चुकत नाही. याडी जेवते, म्हणजे ताटावर बसते. पुण्यात तुझ्या खाण्यापिण्याचे हाल होतात का, हे तिनं विचारायला सांगितलंय, आईच ती.

दिवाळी झाली की माझी सगाई. नवरदेव तुझ्या माहितीतलाच, आपला दाजी मोहनसिंग. आपली जमनाबाई गेली, तिच्या लेकराला आई हवी, आणि मावशीसारखी आई कुठे मिळणार, असं त्याची माणसं म्हणतात. बापूनं मान हलवली. मला कोणी विचारलं नाही.

याडीनं मात्र एक गोष्ट मागितली. तू सासरी जायच्या आधी जमनीचा आवाज एकदा कानी पडू दे, म्हणाली. तिच्या लग्नात तू खिडकीतून माइकची तार बाहेर सोडून जमनाबाईचा निरोपाचा ढावलो कॉम्प्युटरवर घेतला होतास. ती गेल्यावर तू आलास, यंत्रापुढे बसलास आणि सांगितलंस की डिस्क जळाली, आता त्यात काही नाही. तेव्हापासून याडीनं त्या डब्यावर जमनाबाईची ओढणी टाकून ठेवली आहे. रोज त्याच्यापाशी बसून ती हळूहळू बोलते. तो कोपरा झाडायची मला भीती वाटायची. आत कोणी ऐकत बसलंय असं वाटे.

मी बाजारातल्या क्लासच्या मुंजाजी सरांना विचारलं. जळालेली डिस्क फिरत नाही, कान लावून बघ, म्हणाले. फिरत होती. मग त्यांनी एक सीडी दिली. मशीन त्या सीडीवरूनच सुरू होतं, डिस्कला हात न लावता. सुरू झालं, पण डिस्क उघडेना. एक बारका भाग दिसला, मोठा भाग ओळखताच येत नाही म्हणे. मला वाटलं, दादा खरंच बोलला.

सरांना पुन्हा विचारलं तर हसले. "तुझ्या भावानं भाग एका गटात बांधून ठेवलेत. ते आपणहून पुढं येत नसतात. आधी गट हुडकायचा, मग त्याला जागं करायचं, मग आतला भाग जोडून घ्यायचा." कमांडा हातावर लिहून आणल्या: व्हीजीस्कॅन, व्हीजीचेंज, माउंट. दुपारी लाइट आली तशा मारल्या. गटाचं नाव पडद्यावर आलं, तो चालू झाला आणि तुझ्या नावाचा फोल्डर उघडला. सगळं जागच्या जागी होतं, दादा. सुरू व्हायचा भाग तेवढा बिघडला होता. तो बिघडला की बिघडवला, हे मी विचारत नाही.

ढावलो लावला. पुण्यात विसरला असशील म्हणून लिहिते: नवरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते, आणि ज्याच्या गळ्यात पडली त्यानंही रडत उत्तर द्यायचं असतं. याडीचा भाग आला तसा तिनं स्पीकर दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि उत्तर दिलं, लग्नात दिलं होतं त्याहून लांब. जमनाबाईचा आवाज पुढे निघून गेला तरी ती गातच होती. शेजारणी दारात आल्या, पण आत यायला कोणी धजावलं नाही. शेवटी मीच तिला बाहेर नेऊन बसवलं.

परत आले तर तुझी पाळी चालू होती. आपल्या गोरबोलीतलं मराठीत लिहिते.

"दादा, वसमतच्या उसाच्या फडात त्यानं स्वतःच्या भावजयीवर कोयता उगारला. मी पाहिलं, तुला सांगितलं. तू म्हणालास, लग्न झालं की निवळंल. दादा, गाडी दारात आली. अजून तोंड उघड."

मीही तेव्हा तिथंच उभी होते. सगळा तांडा उभा होता. बाया डोळे पुसत होत्या, किती गोड रडते म्हणत होत्या. ढावल्यात सासरला नावं ठेवायचीच असतात, म्हणून कोणी शब्दांकडे कान दिला नाही.

ओळ संपल्यावर ती थांबते. तुझ्या उत्तरासाठी. एक बकरी ओरडते, कोणीतरी हॉर्न वाजवतं. मग माइकजवळ तुझा आवाज येतो, "बस झालं जमना, लोक पाहून राहिले." पुढे काही नाही.

तापानं गेली, असं त्यांनी सांगितलं. आपण पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. खरं काय झालं ते मला माहीत नाही. आता भाकरी थापताना, पाणी भरताना ती माझ्या कानात त्याच ओळीवर येऊन थांबते. मी हातातलं काम सोडून उभी राहते.

बापूला सांगितलं. तो रागावला नाही, हेच वाईट. म्हणाला, "ढावल्यातलं बोलणं कोणी खरं धरतं का, बाई? रामप्रसादला माहीत असतं तर त्यानं सांगितलं नसतं का?"

सगाईच्या आदल्या दिवशी तांड्याच्या नायकापुढे बैठक आहे. माझं कोणी ऐकणार नाही, तुझं ऐकतील. तुझ्यावर राग आहे, तो राहील. तरी बोलावते आहे, कारण दुसरं कोणी नाही.

आता पाळी माझी आहे. मी गाऊन सांगणार नाही, साधं लिहून सांगते. मला त्या घरात जायचं नाही. दादा, तोंड उघड.

तुझी उरलेली बहीण,
निलम