बंद बटण, चालू मोटर

म्हसावद, मंगळवार, संध्याकाळ

दुपारी लाइट गेलेली असताना नाना, माझे चुलते, पंपाची जाळी साफ करायला विहिरीत उतरले. "बटन बंद शे नाना, उतरा," असं मीच म्हणालो.

मग लाइट आली. स्टार्टरवर 'बंद'चा लाल दिवा लागला आणि खाली मोटर फिरू लागली. लाल दिवा समोर दिसतोय, तरी फिरतेय! मी धावत जाऊन फ्यूज ओढले. नाना वर आले, बोटं शाबूत.

घरी स्टार्टरमधला रिले, म्हणजे बटणाच्या इशाऱ्यावर वीज जोडणारा-तोडणारा भाग, तपासला. ठिणगी उडत नाही म्हणून मीच हौसेने बसवलेला. त्यातला थायरिस्टर म्हणजे सिलिकॉनचा तुकडा, वीज सोडतो आणि अडवतो. पण जळला की अडवणंच विसरतो, नुसती तार होतो. सकाळी मोटर चालू असतानाच मेला असेल. मेल्यावरही वीज सोडतच राहिला; बटण मी लाइट गेल्यावर बंद केलं, म्हणून कळलं नाही. आणि तो लाल दिवा? तो फक्त बटण बंद असल्याचं सांगतो, मोटरचं त्याला काहीच कळत नाही.

नानांना खरं सांगितलं, फ्यूज आधीच काढायला हवे होते, चूक माझी.

ते म्हणाले, "जाळी आजून तशीच शे. सकाळे पहिले तू उतर."