सरूच्या चपला

औरंगाबाद, २० एप्रिल १९६१

सौ. सरूस, बद्रीनाथचा मनापासून आशीर्वाद.

संक्रांतीनंतरच्या सोमवारी सकाळी दाढी करताना मानेवर हात फिरवला, तर गाठ हाताला लागली नाही. त्याच आठवड्यात ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टर बराच वेळ मान चाचपत राहिले. म्हणाले, "मी एक गोळीसुद्धा दिली नाही. कशी गेली, सांगता येत नाही. परत येणार नाही, असंही सांगता येत नाही."

म्हणून तुला कळवलं नाही. मी बरा होईपर्यंत अनवाणी राहण्याचा नवस तू मारुतीला बोललीस. बरा झालो म्हणावं आणि गाठ परत यावी, याची भीती वाटली. तीन महिने रोज मान चाचपतो. खोलीवरचा गयास म्हणतो, "बद्रीभाऊ, इतकं बोलावलं तर येईल की ती."

परवा तुझा भाऊ सांडू आला. तुझ्या टाचेत बाभळीचा काटा मोडला, लंगडतेस, म्हणाला. तुझ्या पत्रात ते नव्हतं. काटा निघाला का? आईची धाप कशी आहे?

देवानं दिलेलं मी लपवून ठेवलं आणि उन्हाचे चटके तू सोसलेस. काल अंदाजानं तुझ्या मापाच्या चपला घेतल्या, या पत्रासोबत सांडूबरोबर पाठवतो आहे. मारुतीपुढं नारळ फोड आणि घाल. मी बरा झालो आहे.

तुझा,
बद्रीनाथ