वॅटलची ओली वाळू

१४ मार्च १९९८, शनिवार. जबल अली, दुबई.

आज पुन्हा वॅटलच्या बुंध्याशी बोटं खुपसून पाहिली. वाळू अजून ओलीच. हे ऑस्ट्रेलियातलं झुडूप, आपल्या बाभळीच्या कुळातलं. त्याला निचऱ्याची वाळू लागते. दोन पाण्यांच्या मध्ये ती पूर्ण सुकली, तरच मूळ खोल जातं. मॅनेजर मात्र रोज दोनदा ड्रिप सोडायला लावतो. वाळवंट आहे म्हणून जास्त पाणी, एवढंच त्याला कळतं. खालची पानं पिवळी पडलीत. एक रोप उपटलं, तर मूळ तपकिरी आणि मऊ.

सांगितलं त्याला, रजेचंही पुन्हा विचारलं. तो हसला. "मॅडम, पहले प्लांटेशन जमने दो, फिर इन्शाल्ला छुट्टी." माझा पासपोर्ट त्याच्याच कपाटात. आणि पुढच्या महिन्यात सांगलीला आईचं ऑपरेशन.

फोरमन सावंतकाका ड्रिपच्या व्हॉल्व्हपाशी उभे होते. म्हणाले, "जगवू नका ही झाडं, बाई. जगली तर तुमच्याशिवाय सांभाळणार कोण? सोडतील होय तुम्हाला?"

"आणि मेली तर?"

"मग तुमच्यामुळे मेली."

दोघंही हसलो. मी हसायला नको होतं.

मग मी भांडतेय कशासाठी? नखांत ती ओली वाळू अजून आहे. झाडं मेली तर दोष माझा, जगली तर मी इथेच. तिसरं काही सुचत नाही.

तरी निघताना व्हॉल्व्ह बंद केला. काकांनी पाहिलं आणि पाठ फिरवली. मुळं कुजताना बघत राहणं मला जमत नाही, एवढंच.

संध्याकाळी आईला फोन केला. ऑपरेशनला ताईला बोलावून घे, म्हटलं.