‘डेल्फिया वॉल्ट्झ’मधली जास्तीची मात्रा

प्रिय लेफदादा,

धाकट्या एनॉकचा नमस्कार. वहिनींची दाढ एव्हाना निघाली असेल, तुझं खेचर माणसात आलं असेल आणि टेकडीपलीकडे सारे सुखात असाल, असं धरून चालतो. मी सुखात नाही.

परवा शाळेचे मास्तर वही घेऊन आले आणि माझ्या ‘डेल्फिया वॉल्ट्झ’ची पार्श्वभूमी विचारू लागले. तीन-तीन मात्रांच्या त्या नाचाच्या चालीत मध्येच एक मात्रा जास्त पडते, ती म्हणे पूर्वजांनी समुद्रापलीकडून आणली असावी. मी गंभीरपणे मान डोलावली. खरं फक्त तुला सांगतो. ती मात्रा मीच आणली, मागच्या महिन्यात, निव्वळ जळफळाटापायी.

शनिवारच्या नाचात शेवटचा वॉल्ट्झ जिच्याबरोबर नाचायचा, तिला घरी पोचवायला जायचं, ही आपली रीत. डेल्फियासाठी मी अख्खा हिवाळा फिडलच्या तारांवर गज ओढत ती चाल घासली (गाय दूध कमी देते त्याचा दोष आई अजून फिडललाच देते). पण वाजवणारा खुर्चीत अडकलेला, मग तिच्याबरोबर नाचणार कोण? तर बर्ल. तोच तो, दुकानात गल्ल्यावर बसणारा, केसांना अर्धी डबी तेल चोपडणारा. चाल माझी, कंबर डेल्फियाची आणि हात त्याचा. वर लोक मला म्हणतात, “थांबू नकोस रे एनॉक, काय गोड वाजवतोस.” अंगाचा तिळपापड झाला. म्हणून ऐन गिरकीत तीनऐवजी चार मात्रा वाजवल्या. बर्ल तोंडावर आपटावा, एवढीच माफक इच्छा.

तो अडखळला, नाही असं नाही. पण डेल्फियाही कलंडली, ती नेमकी त्याच्या छातीवर. दोघं हसत सुटली. पुढच्या शनिवारी ती खुर्चीपाशी येऊन म्हणते, “एनॉक, ती पाय घसरायची जागा आज दोनदा घे हं.” घेतली. आता सगळं खोरं त्या जागी एकमेकांच्या गळ्यात पडतं आणि मी एकटा खुर्चीत बसून त्यांना पाडत असतो.

तेव्हा फिडल खुंटीला टांगायचं ठरवलंय. मनात मत्सर म्हणून उरलेला नाही. बर्लचं भलं होवो आणि केस गळोत.

तुझा,
एनॉक

ता. क. येत्या शनिवारी तुझी फिडल घेऊन ये. शेवटचा वॉल्ट्झ तू वाजवायचा आहेस. मी डेल्फियाला माझ्याबरोबर नाचशील का म्हणून विचारलं. ती म्हणाली, “मला वाटलं, तुला ती खुर्चीच आवडते.”

आणखी एक. ती जास्तीची मात्रा विसरलास तर याद राख. तीन दिवस गोठ्यात झाडू कवटाळून मी अडखळायचा सराव करतोय.